दुकान नसलेल्या बेटावर दोन रात्री

सहल म्हटली की घरातल्या इतरांच्या डोळ्यांपुढे डोंगर नाहीतर समुद्र उभा राहतो. बाईच्या डोळ्यांपुढे डबे उभे राहतात. पोळ्या किती, चटणी कोणती, धाकट्याला ताप आला तर औषध कुठलं, आणि परत आल्यावर धुण्याचा ढीग केवढा! त्यातून तंबूतली सहल म्हणजे तर हौसेनं मांडलेला गैरसोयीचा संसार. पुरुषमंडळी निसर्ग बघतात आणि आपण धुरात डोळे पुसत चहा उकळतो. स्वयंपाकघराची जागा तेवढी बदलते, त्यातली बाई तीच!

मग अशा सहलीला जावंच कशाला? हा प्रश्न माझ्यासारखा पुष्कळजणींना पडत असेल. मला त्याचं उत्तर एका बेटावर मिळालं, म्हणून हा लेखनप्रपंच.

बेट आहे तरी कुठं?

आम्ही अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात राहतो. तिथून मोटारीनं सुमारे सहा तासांवर सेंट मेरीज नावाचं टुमदार बंदर आहे आणि तिथून लाँचनं पाऊण तासावर कंबरलँड बेट. लांबी सुमारे २८ किलोमीटर, रुंदी कुठंही पाच किलोमीटरच्या वर नाही. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि खारट दलदलीतलं उंच गवत. बेटाला पूल नाही. लाँचमधून मोटार नेता येत नाही, कुत्र्यामांजरांनाही प्रवेश नाही. बेटावर दुकान नाही, चहाची टपरी नाही आणि गंमत म्हणजे कचऱ्याची पेटीही नाही! १९७२ साली अमेरिकन सरकारनं हा किनारा राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केला आणि १९८२ साली उत्तरेकडचा बराचसा भाग रान म्हणूनच राखायचं ठरलं.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "मुलं मी सांभाळते. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोघंच असे कधी कुठं गेलात?" माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "मुलांना ठेवून?" तो प्रश्न माझ्याही मनात होताच. पण सासूच पाठवते म्हटल्यावर सुनेनं किती आढेवेढे घ्यायचे!

न्याल ते वाहाल, उराल ते आणाल

बेटाचा नियम साधा. जे न्याल ते स्वतः उचलायचं आणि जे उरेल ते, अगदी लिंबाच्या सालीपर्यंत, पिशवीत भरून परत आणायचं. धक्क्यापासून तंबूंच्या तळापर्यंत अर्धा मैल चालायचं असतं. सामानासाठी हातगाड्या मिळतात, तरी घरातून मोटारीत, मोटारीतून लाँचवर, लाँचवरून तळावर अशी चढउतार आपल्यालाच करावी लागते. त्यामुळे आदल्या रात्री दिवाणखान्यात सगळं सामान मांडलं आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारलं, "ही कोण उचलणार?"

या एका प्रश्नानं काय जादू केली म्हणून सांगू! ह्यांच्या घडीच्या दोन खुर्च्या घरी राहिल्या. माझे तीन डबे घरी राहिले. मुगाची डाळ, तांदूळ, मीठ, हळद आणि जिरं एकत्र करून एकेका जेवणाच्या मापाच्या चार पुड्या केल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू. पातेलं एक, ताटल्या दोन, चमचे दोन. संसार याहून लहान होऊ शकतो, हे अकरा वर्षांत प्रथमच पाहिलं.

झाडांचा मांडव

लाँचमधून उतरल्यावर आधी जाणवते ती सावली. लाइव्ह ओक नावाचे इथले वृक्ष आपल्या वडासारखे आडवे पसरतात. फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर चढलेल्या. त्यांवरून करड्या रंगाच्या शेवाळासारख्या जटा लोंबतात. त्या झाडाचं रक्त पीत नाहीत, हवेतल्या ओलाव्यावर जगतात. फांद्यांच्या पाठीवर एक लहानसं नेचं उगवतं. कोरड्या दिवसांत ते सुकून चुरगळल्यासारखं दिसतं आणि पाऊस पडला की काही तासांत हिरवंगार होतं. खाली पंख्यासारख्या पानांच्या बुटक्या ताडांची दाटी. हा मांडव ओलांडला की वाळूच्या टेकड्या, आणि पलीकडे मैलोन् मैल रिकामा किनारा. ना नारळपाणीवाला, ना घोडागाडी.

घोडे मात्र आहेत, आणि तेही मोकाट! माणसांनी कधीकाळी आणून सोडलेल्या घोड्यांची ही पिलावळ, दीडशेच्या आसपास. वाळूतून चालणारी घोडी आणि तिच्यामागे लुटुलुटु येणारं शिंगरू पाहून जीव हरखतो. पण जाणकार सांगतात की ते टेकड्यांवरचं आणि दलदलीतलं गवत खातात, आणि वाळू धरून ठेवणारं तेच गवत असतं. घोड्यांचेही हाल होतात. त्यांना चारा-पाणी कुणी घालत नाही, औषधपाणी कुणी करत नाही. डोळ्यांना जे रानटी आणि सुंदर वाटतं, ते त्या जागेला मानवतंच असं नाही, हे मला तिथं कळलं.

दक्षिण टोकाला डंजनेस नावाच्या वाड्याचे भग्नावशेष आहेत. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचा धाकटा भाऊ थॉमस याने १८८४ साली हा वाडा बांधायला घेतला आणि दोनच वर्षांत तो वारला. मागे राहिली पत्नी लूसी आणि नऊ मुलं. लूसीबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी बेटाचा बहुतेक भाग विकत घेतला आणि १९१६ साली वारल्या तोवर इथला कारभार स्वतः पाहिला. वाडा १९५९ साली जळाला. आता भिंती उभ्या आहेत आणि त्यांच्यापुढे घोडे चरताहेत.

पहाटेची खूण

मे महिन्याच्या अखेरीस गेलो होतो. डास, डोळ्यांना न दिसणारी चिलटं आणि गोचीड यांचा उच्छाद असतो तेव्हा. तरी हेच दिवस निवडले, कारण मेपासून ऑगस्टपर्यंत इथं लॉगरहेड जातीची समुद्रकासवं अंडी घालायला येतात.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी आम्ही किनाऱ्यावर चालत निघालो. कासव दिसलं नाही. दिसली ती त्याची वाट. ट्रॅक्टरचं चाक फिरावं तशी हातभर रुंदीहून मोठी खूण पाण्यातून वर आलेली, टेकडीच्या पायथ्याशी वाळू उकरल्यासारखी, आणि तिथून दुसरी खूण परत पाण्याकडे गेलेली. शंभर किलोहून जड जीव रात्री अंधारात एकटा इथवर सरपटत आला, वाळूत खड्डा केला, शंभरेक अंडी घातली, वरून वाळू सारली आणि निघून गेला. पिल्लं निघायला दोन महिने लागतात. त्यांतली फार थोडी मोठी होतात. आई त्यांचं तोंडही पाहत नाही.

आणखी एक नवल ऐका. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू थंड असेल तर नर अधिक, तापलेली असेल तर माद्या अधिक. जग तापत चाललंय म्हणतात, त्याचा हिशोब असा वाळूच्या पोटातही चाललेला असतो. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेनं धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. दिव्यांनी झगमगणाऱ्या किनाऱ्यावर ती बिचारी रस्त्याकडे धावतात.

या कासवांसाठी आयुष्य वेचणारी एक बाई या बेटावर आहे. कॅरोल रुकडेशेल तिचं नाव. १९७० च्या दशकात ती इथं राहायला आली. किनाऱ्याला लागलेलं प्रत्येक मेलेलं कासव मोजायचं, कापून मृत्यूचं कारण शोधायचं, लिहून ठेवायचं, हे तिनं वर्षानुवर्षं केलं. कोळंबीच्या जाळ्यांत किती कासवं गुदमरून मरतात हे अशाच नोंदींतून लोकांपुढे आलं. १९८७ साली अमेरिकेनं कोळंबीच्या जाळ्यांना कासवांसाठी सुटकेची वाट ठेवणारे नियम काढले.

आपल्याकडेही हे काम चालतं बरं का! रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली. तिथं पिल्लं समुद्रात सोडताना बघायला माणसं जातात आणि गावातल्याच घरांतून जेवतात-राहतात.

पातेलं कुणी घासलं?

तळावर रॅकून नावाचा प्राणी फार धीट. मांजराहून थोराड, डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी, आणि हात असे की झाकण सहज उघडावं. अन्न ठेवायला जाळीच्या पेट्या असतात आणि जेवल्याबरोबर सगळं आवरून त्यांत ठेवावंच लागतं. उष्टं पातेलं सकाळपर्यंत तसंच ठेवायची सोयच नाही!

पहिल्या रात्री खिचडी मी केली. जेवण झाल्यावर हे आपणहून पातेलं घेऊन नळावर गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून विजेरी घेऊन गेले तर तळाला लागलेली खिचडी खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "घरी तू हे रोज किती वाजता आटपतेस गं?"

"साडेअकरा वाजतात," मी म्हटलं.

"मला वाटायचं, मी झोपलो की तूही झोपतेस."

एवढंच. पुढं कितीतरी वेळ आम्ही अंधारात बसून समुद्र ऐकत होतो. फोनला रेंज असून नसल्यासारखी होती. मुलांच्या शाळेबद्दल आणि बिलांबद्दल बोलून संपलं, आणि मग कितीतरी दिवसांनी दुसरं काहीबाही बोललो. आता घरी शनिवार-रविवारचं रात्रीचं आवरणं ह्यांच्याकडे आहे. पातेली माझ्यासारखी निघत नाहीत, पण मी त्यावर बोलत नाही.

थोडक्यात, जाणाऱ्यांसाठी

यादी दोघांनी मिळून करा आणि प्रत्येक वस्तूपुढे उचलणाऱ्याचं नाव लिहा. शिधा जेवणाच्या मापानं पुड्यांत बांधा, म्हणजे उरत नाही आणि कमीही पडत नाही. उघड्या अंगाला डास फार, तेव्हा फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. गोचीड त्यावर लगेच दिसते. रात्री झोपण्यापूर्वी एकमेकांची मान, काखा, घोटे तपासा. कासवाच्या किनाऱ्यावर पांढरी विजेरी लावू नका. कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या ठेवा आणि त्या भरून घरी आणा, मग ते कंबरलँड असो की वेळास.

आणि एक सांगायचं राहिलं. १९८४ साली ठरलेल्या आराखड्यात या बेटावर दिवसाला सुमारे ३०० माणसांची मर्यादा घातली होती. २०२२ साली ती दुपटीहून अधिक वाढवण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि त्यावरून वाद पेटला. अधिक लोकांना पाहता यावं, हे म्हणणं मला पटतं; मी तरी काय, तिथं गेलेच ना! पण पाहुणे वाढले की आधी दिवे येतात, मग दुकान येतं, मग कचऱ्याच्या पेट्या येतात. घर सांभाळणारीला हे वेगळं सांगायला नको. किती पाने वाढता येतील याचा अंदाज घेतल्याशिवाय आपण पाहुण्यांना बोलावत नाही. बेटाचं पानही असंच मोजून वाढलं, तर ते पुढच्या पिढीला पुरेल.