गियरबॉक्समधून तेल गळतंय : टॉप-अप विकायचा की दुरुस्ती?

जुनी गाडी गॅरेजच्या दारात येते आणि मालक म्हणतो, "खाली थोडं तेल पडतंय, बघा जरा." आता तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. पाव लिटर तेल टाकायचं, पैसे घ्यायचे, गाडी बाहेर. किंवा खाली झोपायचं आणि गळती शोधायची. पहिल्या रस्त्याने दहा मिनिटांत पैसे मिळतात, म्हणून बहुतेक जण तोच धरतात. माझं म्हणणं असं, की जुन्या गाड्यांच्या कामात खरा धंदा दुसऱ्या रस्त्यावर आहे. कसा ते आपण प्रीमियर पद्मिनीवर बघू.

पद्मिनीच का? कारण ती आपली गाडी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, आणि १९७४ मध्ये तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. पण वडिलांची, आजोबांची म्हणून घरात जपलेल्या पद्मिनी अजून आहेत, आणि त्यांचे मालक चांगल्या मेकॅनिकच्या शोधात असतात. नवीन मुलांनी ही गाडी हातात धरलेली नाही, जुने मिस्त्री थकले. मार्केटमधली जागा ती हीच.

आता कामाचं बोलू. आधी तेल कोणतं ते ओळखा. इंजिनचं तेल वापरून काळं झालेलं असतं. गियर ऑइल जाडसर असतं आणि त्याला उग्र, गंधकासारखा वास येतो. एकदा नाकात बसला की विसरत नाही. हा वास महत्त्वाचा, कारण इंजिन आणि गियरबॉक्स जिथे जोडतात त्या बेल हाऊसिंगच्या तळातून तेल टपकत असेल, तर ते इंजिनच्या मागच्या सीलचंही असू शकतं आणि गियरबॉक्सच्या पुढच्या सीलचंही. दोन्हीची दुरुस्ती वेगळी, खर्च वेगळा. न हुंगता कोटेशन देऊ नका!

मग खालचा भाग डिझेलने धुऊन कोरडा करा, गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा आणि सपाट जागी रात्रभर पुठ्ठ्यावर उभी करा. धुतल्याशिवाय बघितलंत तर सगळंच तेलकट दिसेल. चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो, म्हणून जिथून थेंब पडतो ती गळतीची जागा नसते. सर्वात पुढचा आणि सर्वात वरचा ओला भाग शोधा. ड्रेन प्लगचं वॉशर, झाकणांची पॅकिंग, स्पीडोमीटरची केबल बसते ती जागा, प्रोपेलर शाफ्टकडचं मागचं सील, एवढं तपासा. आणि ब्रीदर! गियरबॉक्समधली हवा तापली की फुगते. ब्रीदरचं भोक मातीने बुजलं असेल तर तो दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. असं असेल तर दुरुस्ती म्हणजे एक तार आणि दोन मिनिटं. ग्राहकाला ते खरं सांगा, तपासणीचे पैसे मात्र घ्या.

तपासणी फी वेगळी लावायला आपल्याकडे लोक लाजतात. डॉक्टर लाजतो का? पण फी घेतली तर हातात काहीतरी द्यायला हवं. पुठ्ठ्याचा फोटो, गळतीच्या जागेचा फोटो, आणि किती गळतं त्याचं माप. खाली ट्रे ठेवा, सकाळी सिरिंजने मोजा. रात्रीत १० मिली पडलं तर महिन्याला ३०० मिली झालं, आणि छोट्या गाडीच्या गियरबॉक्समध्ये तेल असतंच मुळी एक-दोन लिटर. हा हिशेब कागदावर मांडला की ग्राहकाला कसारा घाटात तेल कमी असलेला गियरबॉक्स म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मागचं सील बदलायला साधारणपणे प्रोपेलर शाफ्ट सोडवला की हात पोचतो. पुढचं सील गळत असेल तर गियरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि ते टाळूनही चालत नाही, कारण तेल क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरायला लागतो. उतरवतानाच मालकाला विचारून ठेवा, की क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग खराब निघालं तर बदलायचं का. नंतर फोन करून रक्कम वाढवली की विश्वास गेला. गाडीखाली जाताना घोडी लावा, नुसत्या जॅकवर नाही.

"पद्मिनीचं सील मिळत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकाल. अहो, सीलला गाडीचं नाव नसतं, माप असतं. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये, बहुतेक वेळा सीलवरच छापलेलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशकात बेअरिंग आणि ऑइल सील विकणारे आहेतच. जुनं सील आणि व्हर्नियर घेऊन जा. शेवटच्या काळातल्या काही पद्मिनींत गियर स्टिअरिंगजवळून खाली फ्लोअरवर आला, तेव्हा माप अंदाजाने मागवू नका. बसवताना सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे आणि ओठाला आधी तेलाचा हात. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही गळणारच. मग लेथवाल्याकडून स्लीव्ह बसवून घ्या.

तेल भरताना एक नियम पाळा : आधी फिलर प्लग उघडा, मगच ड्रेन. फिलर जाम निघाला आणि तेल आधीच काढलेलं असलं तर गाडी तिथेच बसेल. काढलेलं तेल बघा. बारीक करडी पेस्ट चालते, धातूचे तुकडे असतील तर काम थांबवून मालकाला बोलवा. नवं तेल फिलरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, गाडी सपाट असताना. जास्त भरलंत तर तेच सीलमधून बाहेर येईल. जुन्या गियरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांसाठी जीएल-४ दर्जाचं ९० नंबर तेल घ्या. जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात. डिफरन्शियलचं तेल वेगळं असतं, दोन्हीकडे एकच डबा ओतणारे मिस्त्री मी बघितलेत. गाडीचं मॅन्युअल मिळालं तर तेच प्रमाण.

गाडी वर आहेच तर बाकीची द्रवंही बघून घ्या. ब्रेक ऑइलची पातळी खाली असेल तर नुसतं भरू नका, लायनर झिजलेत की सिलिंडर गळतोय ते बघा. ते रंगावर सांडलं तर रंग उचलतं. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही.

बिलात सील, तेल, मजुरी वेगवेगळ्या ओळींत लिहा. सील सर्वात स्वस्त असेल, मजुरी सर्वात जास्त, आणि ते लपवायचं काही कारण नाही. स्वतःच्या कामावर तीन महिन्यांची लेखी हमी द्या. एक आकडेमोड करा : टॉप-अपवर समजा ५० रुपये सुटतात आणि तोच ग्राहक वर्षातून सहा वेळा येतो, तर ३०० रुपये. त्यापेक्षा एका नीट सील-जॉबची मजुरी जास्त आहे, आणि तो ग्राहक त्याच्या क्लबातल्या चार जणांना तुमचं नाव सांगतो.

५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्राचे व्हिंटेज नोंदणीचे नियम आहेत, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अशा गाडीचा रोजचा किंवा धंद्याचा वापर चालत नाही. एवढी फी भरणारा मालक पुठ्ठ्यावरचा डाग सहन करत नाही, आणि त्याला मूळ भागच हवे असतात. काढलेला प्रत्येक जुना नट-वॉशर पिशवीत घालून त्याला परत द्या.

काढलेलं जुनं तेल गटारात नाही, झाकणाच्या ड्रममध्ये. ते धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं असतं. पॅकिंगचा कागद हातोडीने ठोकून कसा कापायचा, ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.