वणव्याच्या प्रदेशांतील घर व त्याचें बाहेरचें अंग

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याच्या वणव्यांच्या वार्ता आतां वरचेवर आपल्या कानीं येतात, आणि ज्यांचीं मुलेंबाळें तिकडे स्थायिक झालीं आहेत त्यांच्या घरीं त्या मोठ्या काळजीनें वाचल्या जातात. जानेवारी २०२५ मध्यें लॉस एंजेलिसच्या आसपास लागलेल्या आगींत १६,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. हें वाचून बहुतेकांची समजूत अशी होते कीं, ज्वाळांची एक भिंत रानांतून चालत येते आणि समोर येईल तें घर गिळून पुढें जाते. तेव्हां घराची भिंत जाड असली कीं काम झालें. ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. तिच्यावांचून तेथील बांधकामाच्या नियमांचें मर्म कळणार नाहीं.

वणव्यांत जळणाऱ्या पुष्कळ घरांस ज्वाळेचा स्पर्श प्रथम होतच नाहीं. वाऱ्याबरोबर उडालेले निखारे मुख्य आगीच्या पुढें, केव्हां केव्हां मैलाहूनही दूर, जाऊन पडतात. पन्हळींत सांचलेला पाला, माळ्याचा उघडा झरोका, दारापुढचें काथ्याचें पायपुसणें, यांतलें एखादें निखाऱ्यास पुरेसें होतें. मग तें घर शेजारच्या घरास जळण पुरवितें. ता. ८ नोव्हेंबर १९१८ नव्हे, तर २०१८ ची, म्हणजे अगदीं आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट: पॅरडाइज नांवाचें गांव एका दिवसांत बेचिराख झालें, ८५ माणसें दगावलीं आणि १८,००० हून अधिक इमारती गेल्या. तेथें कित्येक ठिकाणीं घराची राख झाली होती, पण लगतचीं झाडें हिरवीं उभीं होतीं!

म्हणून नियमांचा पहिला रोख छपरावर आहे. सन १९९१ च्या ऑक्टोबरांत ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या आगींत २५ माणसें मेलीं. तेथें लांकडी चिपांनीं शाकारलेलीं छपरें पुष्कळ होतीं, आणि जळती चीप वाऱ्यावर उडून दुसरें छप्पर पेटवीत होती. आतां अतितीव्र धोक्याच्या पट्ट्यांत छप्पर कसोटीच्या ‘अ’ वर्गांत उतरलेलें लागतें. भाजलेलीं कौलें, सिमेंटचीं कौलें व योग्य अस्तरावर बसविलेला पत्रा त्यांत येतात. परंतु कौल न जळणारें आहे एवढ्यावर नियम थांबत नाहीं, आणि हें आपल्यासारख्या कौलारू मुलखांतील वाचकांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे. अर्धगोल कौलाच्या वळचणीकडील तोंडाशीं पोकळी राहते. तींत पक्षी घरटीं करतात, वाळलेल्या काड्या सांचतात. निखारा आंत शिरला कीं कौल शाबूत राहून खालची फळी पेटते. यासाठीं तीं तोंडें चुन्या-सिमेंटनें किंवा न जळणाऱ्या पदार्थानें बुजवावीं, अथवा फळीवर जाड संरक्षक अस्तर घालावें, असें नियम सांगतो.

त्यानंतर झरोके. माळ्यास व जमिनीखालच्या पोकळीस वारा मिळाला नाहीं तर लांकूड कुजतें, म्हणून झरोके बुजवितां येत नाहींत. त्यांस न गंजणारी धातूची जाळी लागते. तिचीं छिद्रें १/१६ इंचापेक्षां लहान नसावीत व १/८ इंचापेक्षां मोठीं नसावीत, असें माप ठरविलेलें होतें. अलीकडे निखारे अडविण्याच्या कसोटीस उतरलेले तयार झरोकेही मिळतात. पन्हळींत पाला सांचणार नाहीं अशी तजवीज सक्तीची आहे. प्लॅस्टिकची पन्हळ मात्र आम्हांस पसंत नाहीं. ती वितळून खालीं पडते आणि तेथें जळत राहते.

भिंतीस सिमेंटचा गिलावा, वीट, दगड किंवा सिमेंटचे तंतुमिश्रित तक्ते चालतात. खिडकीचा विचार मात्र पुष्कळजण विसरतात. साधी कांच धगीनें तडकून पडली कीं आग सरळ खोलींत येते. यास्तव दुहेरी कांचेपैकीं निदान एक तावदान टफन्ड, म्हणजे उष्णता देऊन कणखर केलेलें, असावें असा पर्याय दिला आहे.

हे नियम २००८ पासून नव्या घरांस लागू झाले. पूर्वीं ते इमारत-संहितेच्या ७-अ या प्रकरणांत होते. १ जानेवारी २०२६ पासून त्यांची स्वतंत्र संहिता झाली आहे. शेतकऱ्यास त्यांत एक सवलत आहे ती सांगितली पाहिजे: शेतीची इमारत राहत्या घरापासून निदान ५० फूट दूर असेल तर तिला हे नियम लागत नाहींत. गंजी व गोठा घरास खेटून नसावा हा आपल्याकडील जुना जाणता रिवाजच येथें मापासह लिहिला आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां या खर्चाचें फळ काय? पॅरडाइजच्या घरांची जी पाहणी २०२१ मध्यें प्रसिद्ध झाली, तींत १९९६ पर्यंत बांधलेल्या घरांपैकीं सुमारें साडेअकरा टक्के वांचलीं व त्यानंतरच्यांपैकीं साडेअडतीस टक्के. तथापि २००८ च्या नियमांच्या लगेच आधींचीं व लगेच नंतरचीं घरें यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. शेजारचें जळतें घर किती जवळ होतें व भिंतीलगत झाडपाला किती होता, यांवर फार अवलंबून होतें. एकट्यानें चांगलें घर बांधून भागत नाहीं, ही गोष्ट त्यावरून उघड होते. याच कारणास्तव घराभोंवतीं १०० फुटांपर्यंत जळण कमी ठेवण्याचें बंधन तेथें आहे, आणि भिंतीपासून ५ फुटांच्या पट्ट्यांत निखाऱ्यास कांहींच सांपडूं नये असें धोरण २०२० च्या कायद्यानें स्वीकारलें. ऑस्ट्रेलियांत याहून निराळी रीत आहे: उतार, झाडी व अंतर पाहून त्या जागीं किती धग येईल याचा हिशेब करतात आणि त्याप्रमाणें सहा पायऱ्यांपैकीं एक नेमून देतात.

ज्यांचें घर जुनें आहे त्यांस एकदम सर्व बदलणें परवडत नाहीं. अशांनीं प्रथम पन्हळ झाडावी, झरोक्यांस जाळी मारावी, कौलांचीं तोंडें बुजवावीं, आणि भिंतीस टेकलेली लांकडी कुंपणाची शेवटची फळी काढून तेथें लोखंडी लावावी. या कामांस फार पैसा लागत नाहीं. छप्पर बदलण्याची वेळ येईल तेव्हां तें ‘अ’ वर्गाचें घ्यावें, आणि खिडक्यांकडे त्यानंतर वळावें.