गोंडेवाला उंदीर घाटावरचा, आपल्या बांधातला वेगळा



गेल्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला. घाटावरच्या माळावर रात्री बॅटरीच्या उजेडात एक उंदीर टणाटण उड्या मारत पळतो, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा. पुढे एक जण दिसेल त्या उघड्या बिळात विषाचे दाणे ओततो. "आपल्या भातात लागलाय तो हाच का? आपणही असंच करायचं का?" असं नारिवलीपासून सिद्धगडवाडीपर्यंत बऱ्याच सभासदांनी विचारलं. म्हणून आजचा संदेश जरा लांब आहे, निवांत वाचा.

व्हिडिओतला प्राणी म्हणजे भारतीय जर्बिल. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, डोळे मोठे काळेभोर, मागचे पाय लांब. हरणासारखी उडी घेतो, म्हणून इंग्रजीत त्याला त्याच अर्थाचं नाव पडलंय. माळशेज चढून जुन्नरकडे गेलात की कोरडे माळ लागतात, तसली जागा त्याला मानवते. याचाच एक भाऊबंद, वाळवंटी जर्बिल, राजस्थानात आणि कच्छात राहतो. तो तर दिवसाढवळ्या बाहेर पडतो, फक्त उन्हाळ्यात भर दुपारी बिळात दडतो. जोधपूरच्या 'काजरी' या केंद्रीय संस्थेत या उंदरांचा कित्येक वर्षं अभ्यास झालाय.

या जातीची खरी गंमत पाण्यात आहे. पाणवठा जवळ नसला तरी यांचं भागतं. गवताचं बी, मुळं, किडे यांतूनच पाणी मिळवायचं, लघवी अगदी घट्ट आणि थोडी करायची, ऊन तापलं की गार बिळात बसायचं. बीळ कोरड्या मातीत, त्याला दोन-चार तोंडं, म्हणजे एकीकडून साप शिरला तर दुसरीकडून पळता येतं. आता असं बीळ आपल्या खाचराच्या बांधात करून बघा! आषाढातल्या पहिल्या झडीतच घर पाण्याखाली. म्हणून चिखलणीच्या भातात गोंडेवाला शोधू नका. मात्र जंगली उंदरांत प्लेगचा जंतू टिकून राहतो, त्यात याचं नाव घेतात, आणि १९९४ साली बीड जिल्ह्यात प्लेग आला होता. घाटावर पाहुण्यांकडे गेलात आणि कुठे मेलेला दिसला, तर हात लावू नका.

आपल्या बांधातला वेगळा. काळपट, जाडजूड, तोंड आखूड, शेपटी अंगापेक्षा लहान. कोणी त्याला काळा उंदीर म्हणतं, कोणी घूस. हा पट्टीचा पोहणारा, त्यामुळे खाचरात पाणी असलं तरी त्याला फरक पडत नाही. बिळात कोठार करून त्यात लोंब्या भरतो. आपले कातकरी बांधव कापणीनंतर हेच कोठार अचूक हुडकून खणतात. त्यांच्याइतकी बिळांची पारख मला अजून जमलेली नाही. याची मादी साधारण तीन आठवड्यांत वितेे, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. पीक पिकायला लागलं की वेतंही वाढतात.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हा उंदीर बिळाचं तोंड आतून मातीने बंद करून घेतो. व्हिडिओसारखं उघडं भोक शोधत फिरलात तर विष जाईल रिकाम्या बिळात, नाहीतर खेकड्याच्या.

सध्या हळवं भात निसवतंय, निमगरवं पोटरीत आहे, गरवं अजून हिरवंगार. आजूबाजूला सगळं कच्चं असताना ज्याचं हळवं आधी पिकतं, त्याच्यावर चारी बाजूंचे उंदीर तुटून पडतात. फुटव्याच्या वेळी कापलेलं रोप नवा फुटवा काढून थोडंफार भरून काढतं, पोटरीनंतर कापलं की ती लोंबी गेलीच. नुकसान उंदराचंच आहे ना, हेही बघा. उंदराने तोडलेला चूड पाण्याच्या थोडा वर तिरका कापलेला असतो. लोंबी पांढरी पडून नुसती ओढल्यावर हातात आली तर ती खोडकिडा आहे, त्याला हा उपाय नाही.

करायचं ते असं. संध्याकाळी बांधावरचं गवत काढा आणि बिळांवरची माती पायाने सपाट करा. सकाळी जिथे ताजी भुसभुशीत माती वर आलेली दिसेल तेवढीच चालू बिळं, तिथे काठी रोवा. दोन-तीन दिवस त्यात नुसतं भरडलेलं धान्य तेल लावून ठेवा, उंदराला सवय लागू दे. मग ४८ भाग भरड, १ भाग गोडेतेल, १ भाग झिंक फॉस्फाईड, काठीने कालवून, साधारण १० ग्रॅमची कागदी पुडी बिळात खोल ढकला आणि तोंड बुजवा. हातमोजे घाला. या विषावर उतारा नाही, त्यामुळे लहान मुलं, कोंबड्या, कुत्री लांब ठेवा. वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा तोंडात घेत नाही, म्हणून या हंगामात झिंक फॉस्फाईड एकदाच. पुढे गरज लागली तर ब्रोमॅडिओलोनची वडी.

उघड्यावर दाणे फेकू नका. आपण भीमाशंकर अभयारण्याच्या कडेला आहोत. धामण, गव्हाणी घुबड, पिंगळा हे आपले फुकटचे राखणदार, विष खाल्लेला उंदीर त्यांच्या पोटात गेला तर तेही मरतात. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. आणि पायाला जखम असेल तर खाचरात उतरताना गमबूट घाला. उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो. ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर अंगावर काढू नका, आरोग्य केंद्रात जा आणि भाताच्या पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना सांगा.

एकट्याने केलं तर शेजारच्या बांधावरचे उंदीर चार दिवसांत तुमच्याकडे येतात. त्यामुळे एका शिवारातल्या सगळ्यांनी पुड्या एकाच संध्याकाळी टाकायच्या. रविवारी सकाळी आपापली चालू बिळं मोजा आणि आकडा गावच्या गटप्रमुखाकडे द्या. औषध किती लागेल ते त्यावरून ठरवू आणि सोमवारी कंपनीच्या गोदामातून वाटू.

– तुमचा कृषी सल्लागार