चहा ठिबकला नाही पाहिजे

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचं बोलणं बाजूला राहिलं आणि एका वाडग्यावरून वाद झाला. आमच्यातल्या एकीने बाजारातून निळ्या झिलईचा सुंदर वाडगा आणला होता. रात्री त्यात चिंचेचा कोळ ठेवला. सकाळी बघते तर आतला निळा रंग पांढुरका पडलेला. लगेच दुसरी म्हणाली, "मातीचं भांडं शोभेलाच बरं, वापराला स्टील." मला ते लागलं, कारण गटातल्या दोघी कुंभारांच्या घरच्या आहेत आणि कप-वाडग्यांचा धंदा करायचं आमच्या मनात चाललंय.

म्हणून आज देवीप्रसाद यांच्याबद्दल सांगते. त्यांचा जन्म १९२१चा, डेहराडूनचा. १९३८ साली ते शांतिनिकेतनला चित्रकला शिकायला गेले, नंदलाल बोस यांच्या हाताखाली. १९४४ला आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले, ते नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून. गांधीजींच्या या शिक्षणात मुलांनी पुस्तकाबरोबर हातानेही काम करायचं होतं. अठरा वर्षं ते तिथे राहिले आणि चित्रकार असूनही मातीकडे वळले. चित्र भिंतीवर लागतं, पण घडा, कप, ताट रोज हाताळलं जातं, हे त्यांना महत्त्वाचं वाटत असावं, असं आपलं माझं मत. १९६२ला युद्धविरोधी संघटनेच्या कामासाठी ते लंडनला गेले आणि तिथेही चाक सुटलं नाही. पुढे दिल्लीला परतले आणि म्हातारपणापर्यंत चहाच्या किटल्या, झाकणाची भांडी, वाडगे घडवत राहिले. २०१० साली दिल्लीत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. पुढच्याच वर्षी, २०११ला, ते गेले.

किटलीला एवढं आयुष्य का लागावं? मलाही आधी नवल वाटलं. पण विचार करा. तोटीतून चहा ओतला की धार तुटली पाहिजे, खाली ठिबकला नाही पाहिजे. ओतताना झाकण कपात पडता कामा नये. कानात बोटं बसली पाहिजेत आणि गरम किटलीचा चटका लागू नये. वर माती वाळताना आणि भाजताना आकसते, दहा-बारा टक्के सहज. म्हणून ओला कप हवा त्यापेक्षा मोठा करावा लागतो. झाकण आणि भांडं एकाच मातीचं, एकाच वेळी वाळवलं नाही तर एक घट्ट होतं, एक सैल. घाईने उन्हात ठेवलं तर तडा जातो आणि ओलं राहिलेलं भट्टीत फुटतं. आपल्याकडे माती तुडवणं, मळणं, रंगवणं, डोक्यावरून विकायला नेणं बायकांनी केलं, पण चाकावर बसायची मुभा मात्र फारशी नव्हती. हे मी मुद्दाम सांगते.

आता वाडग्याकडे येऊ. आपल्या आव्यात साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत उष्णता मिळते. तेवढ्यात भाजलेली माती सच्छिद्र राहते. म्हणूनच माठातलं पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्याने उडून जातं आणि आतलं गार होतं. गाडग्यातलं दही घट्ट लागतं, तेही माती पाणी शोषते म्हणूनच. पण लोणचं त्यात ठेवलं तर तेल-मीठ मातीत मुरतं. त्याला बाराशे अंशांच्या वर भाजलेली, दगडासारखी घट्ट झालेली बरणी हवी. म्हणजे भांड्याचं काम आधी ठरवायचं, मग माती, आच आणि आकार.

झिलई म्हणजे काचेचाच पातळ थर. वाळूतली सिलिका, फेल्डस्पार, चुना, राख असं काही कालवून भांड्याला लावतात आणि आचेवर वितळवतात. कमी आचेत लवकर वितळावी म्हणून काही ठिकाणी झिलईत शिसं घालतात. आंबट पदार्थात ते उतरू शकतं आणि लहान मुलांना, गरोदर बाईला ते फार घातक. घरी एक करून बघता येतं. लिंबाची फोड झिलईवर रात्रभर ठेवा. सकाळी डाग पडला, चमक गेली, तर त्यात खायचं ठेवू नका. डाग नाही पडला म्हणून शिसं नाही असं मात्र नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. विकणाऱ्याला सरळ विचारा, "खायला चालतं का, शिसं नाही ना?" उत्तर देता आलं नाही तर त्यात फुलं ठेवा.

आमच्या गटाने ठरवलंय की झिलईच्या नादाला सध्या लागायचं नाही. त्यासाठी बंद भट्टी आणि शिक्षण लागतं. आधी माठ, दह्याची गाडगी, झाकणासकट. पहिल्या सहा गाडग्यांपैकी चारांची झाकणं बसली नाहीत. एक तर आतच पडलं. परवा दोघींनी पट्टी घेऊन ओल्या गाडग्यांची तोंडं मोजली आणि माप वहीत लिहून ठेवलंय. आवा लागला की पुन्हा मोजणार आहोत.