पालकांस सामुदायिक लघुसंदेश : संदेशसंस्थेची निवड कशी करावी?

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज आदी तालुक्यांतील कित्येक वाड्यावस्त्या दसरा-दिवाळीच्या सुमारास ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांकडे निघतात आणि गळीत हंगाम सरल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांची मुले काही आजी-आजोबांपाशी गावात राहतात, काही आईबापांसमवेत जातात. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची, तर बरोबर जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. परंतु ती सोय पालकांस वेळेवर कळली नाही, तर असून नसल्यासारखीच होय.

पूर्वी अशी वार्ता दवंडीने, निरोप्याकरवी किंवा पत्राने कळविली जाई. तातडीची असल्यास तार करीत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज फडावरील कुटुंबापर्यंत पोहोचण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश, म्हणजेच एसएमएस होय. त्यास इंटरनेट लागत नाही, महागडा फोन लागत नाही आणि फोन काही काळ बंद असला तरी संदेश वाया जात नाही. व्हॉट्सॲपचा गट सोयीचा खरा, पण ज्या घरी साधा बटणांचा फोन आहे ते घर त्या गटात नसते आणि बहुधा वार्तेची निकड त्याच घरी अधिक असते.

एकाच वेळी शेकडो जणांस लघुसंदेश पाठवून देणाऱ्या व्यापारी संस्था आता पुष्कळ झाल्या आहेत. केंद्रस्तरावर किंवा तालुकास्तरावर पालकांस संदेश पाठविण्याचा विचार होतो तेव्हा, तसेच गावच्या दूध संस्थेचा अथवा पतसंस्थेचा सचिव सल्ला विचारावयास येतो तेव्हा, शिक्षकास ह्या विषयाची माहिती असणे इष्ट ठरते.

संस्था घ्यावी की न घ्यावी

प्रथम गरज तपासावी. चाळीस-पन्नास पालकांच्या शाळेस अशा संस्थेची आवश्यकता नाही. तेवढे संदेश शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवरून जाऊ शकतात. बहुतेक योजनांत दिवसाकाठी १०० संदेशांची मर्यादा असते आणि ती ह्या कामास पुरते. मात्र पतसंस्थेने किंवा दुकानदाराने खासगी क्रमांकावरून व्यापारी संदेशांचा मारा करणे नियमबाह्य असून तसा क्रमांक बंद होऊ शकतो.

पालकसंख्या काही शेकड्यांवर गेली म्हणजे मात्र व्यवस्था हवी. तेव्हाही प्रथम शासकीय मार्गाची चौकशी करावी. केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयासाठी सी-डॅक ही संस्था 'मोबाईल सेवा' चालविते. तीत शासकीय कार्यालयांस सामुदायिक लघुसंदेश पाठविण्याची सोय आहे. ही चौकशी शाळेने एकटीने न करता पंचायत समितीच्या शिक्षण विभागामार्फत करावी. तो मार्ग उपलब्ध नसेल तरच खासगी संस्थेकडे वळावे.

संदेशाचा प्रवास

पाठविणाऱ्याकडून निघालेला संदेश प्रथम संदेशसंस्थेच्या संगणकाकडे, तेथून दूरसंचार कंपनीच्या संदेश-केंद्राकडे आणि शेवटी पालकाच्या फोनकडे जातो. फोन बंद असेल किंवा टप्प्याबाहेर असेल, तर केंद्र तो संदेश टपालकचेरीत ठेवलेल्या पत्राप्रमाणे राखून ठेवते व पुनःपुन्हा देण्याचा यत्न करते. परंतु ही राखण अमर्याद नसते. ठरलेली मुदत संपली की संदेश रद्द होतो. कोपीवर वीज नसल्याने ज्यांचा फोन दिवसदिवस बंद राहतो, त्यांच्यासाठी ही मुदत किती तासांची आहे, हा प्रश्न कळीचा आहे.

ह्या प्रवासावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे 'ट्राय'चे, नियंत्रण आहे. नको असलेल्या व्यापारी संदेशांस आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये केलेल्या विनियमांनुसार सामुदायिक संदेश पाठविणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंद एका वितरित नोंदवहीत व्हावी लागते. हजेरीपटाच्या प्रती एकाच वेळी अनेक कचेऱ्यांत ठेवल्या, तर कोणा एकास गुपचूप खाडाखोड करता येत नाही. ही नोंदवही त्याच तत्त्वावर चालते व ती दूरसंचार कंपन्यांकडे असते. तीत तीन गोष्टी नोंदवाव्या लागतात : पाठविणारी संस्था, फोनवर दिसणारे तिचे संक्षिप्त नाव आणि संदेशाचा नमुना. नमुना म्हणजे छापील अर्जासारखा ठरीव मजकूर. नाव, तारीख अशा जागा तेवढ्या रिकाम्या असतात. पाठविलेला मजकूर नमुन्याशी जुळला नाही तर तो वाटेतच अडविला जातो.

ही छाननी ८ मार्च २०२१ रोजी प्रत्यक्ष लागू होताच देशभर बँकांचे परवलीचे अंकदेखील ग्राहकांस मिळेनासे झाले. कारण अनेक संस्थांनी नमुने नीट नोंदविलेच नव्हते. प्राधिकरणास ती व्यवस्था सात दिवसांकरिता स्थगित ठेवावी लागली. नोंदणीत हयगय करणारी संदेशसंस्था किती महाग पडते, ह्याचा हा धडा होय. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वनोंद नसलेले संकेतस्थळाचे दुवे असणारे संदेश अडविले जाऊ लागले. डिसेंबर २०२४ पासून पाठविणाऱ्यापासून कंपनीपर्यंतची मध्यस्थांची सर्व साखळी नोंदलेली असणे आवश्यक झाले. म्हणून "नोंदणीची कटकट नको, आमच्याच नावाने पाठवू" असे सांगणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे.

मराठी मजकुराचा हिशेब

दर ठरविताना सर्वांत अधिक फसगत येथे होते. एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावतात, तर देवनागरीची केवळ ७०. शिवाय मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व पाय मोडण्याचे चिन्ह हे प्रत्येकी एक चिन्ह म्हणून मोजले जाते. 'शाळा' हा शब्द डोळ्यांस दोन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो चार चिन्हांचा भरतो. 'विद्यार्थी' दहा चिन्हांचा, तर 'मुख्याध्यापक' बारा चिन्हांचा. संदेश ७० चिन्हांपुढे गेला की त्याचे भाग पडतात. जोडणीसाठी काही जागा राखावी लागत असल्यामुळे अशा प्रत्येक भागात ६७ चिन्हेच मावतात आणि जितके भाग तितक्या संदेशांचे मोल द्यावे लागते. रोमन मजकुरात एखादे जरी देवनागरी अक्षर आले तरी सबंध संदेशास देवनागरीचाच हिशेब लागतो.

उदाहरणार्थ, "हंगामी वसतिगृह सोमवारी सुरू होत आहे. पाल्याचे नाव शाळेत नोंदवा." हा मजकूर विरामचिन्हे व मोकळ्या जागांसह ६३ चिन्हांचा आहे. तो एकाच संदेशात जातो. शेवटी 'मुख्याध्यापक' एवढे जोडले की मोकळ्या जागेसह ७६ चिन्हे होतात व मोल दुप्पट होते. परिपत्रकांत रूढ असलेली "सर्व पालकांना कळविण्यात येते की" ही सुरुवात एकटीच ३१ चिन्हे खाते. पाठविणाऱ्याचे नाव फोनवर आधीच दिसत असल्यामुळे सही व प्रस्तावना दोन्ही गाळता येतात. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून अशा मजकुराचा संक्षेप करवून घेतल्यास भाषेचा तो एक चांगला पाठही होईल.

खर्च वाचविण्यासाठी मराठी रोमन लिपीत लिहिण्याची प्रथा पडली आहे. तिचा मोह टाळावा. ज्या पालकाचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे तो देवनागरी सावकाश का होईना वाचतो, रोमन लिपी त्यास वाचता येईलच असे नाही. काही जुन्या फोनांवर मात्र देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. अशा पालकांस, तसेच ज्यांस मुळीच वाचता येत नाही त्यांस, प्रत्यक्ष दूरध्वनी करावा. ध्वनिमुद्रित निरोप ऐकविण्याची सोयही काही संस्था देतात.

दर आणि खरी किंमत

केवळ दरपत्रकावरून निवड करू नये. समजा, एक संस्था संदेशास १५ पैसे घेते, पण शंभरांपैकी साठच संदेश पोहोचविते. दुसरी २० पैसे घेते व पंच्याण्णव पोहोचविते. न पोहोचलेल्या संदेशांचेही पैसे आकारले जात असतील, तर पहिलीचा पोहोचलेला प्रत्येक संदेश २५ पैशांस पडतो व दुसरीचा सुमारे २१ पैशांस. स्वस्त दिसणारी संस्थाच येथे महाग ठरली आणि चाळीस पालक निरोपावाचून राहिले, तो तोटा वेगळाच.

ह्यास्तव पोचपावतीचा अर्थ नीट विचारून घ्यावा. 'पाठविला' म्हणजे संस्थेच्या संगणकावरून गेला, 'पोहोचला' म्हणजे पालकाच्या फोनने स्वीकारला. दुसऱ्या प्रकारची पावती, क्रमांकवार, मिळालीच पाहिजे. वस्तू व सेवा कर दरात धरला आहे की वेगळा, आगाऊ भरलेल्या संदेशांची मुदत किती आणि नोंदणीचे शुल्क कोणी भरावयाचे, हेही लेखी घ्यावे.

पालकांची यादी ही ठेव आहे

मुलाचे नाव, इयत्ता, गाव व पालकाचा क्रमांक असलेली यादी जाहिरातदारांस व ठकसेनांस मोलाची वाटते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस त्यात विशेष संरक्षण आहे. संदेशसंस्थेस क्रमांकाखेरीज शक्यतो काही देऊ नये. यादी अन्य कामास वापरणार नाही व करार संपताच नष्ट करील, असे तिच्याकडून लिहून घ्यावे. मुलाचे गुण, आजार किंवा घरची थकबाकी संदेशात कधीही घालू नये. फडावर एक फोन अनेकांच्या हाती असतो.

पालकांसही खरा संदेश ओळखावयास शिकवावे. २०२५ मधील दुरुस्तीनुसार पाठविणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक रोमन अक्षर येते : जाहिरातीस 'पी', सेवेस 'एस', व्यवहारास 'टी' व शासकीय संदेशास 'जी'. शाळेच्या नावाने साध्या दहा अंकी क्रमांकावरून पैशांची मागणी आली तर ती मानू नये, प्रथम शाळेत विचारावे. नकोशा व्यापारी संदेशांची तक्रार १९०९ ह्या क्रमांकावर करता येते.

निवडीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. नियामक व्यवस्थेत संदेशसंस्थेची नोंद आहे काय? आपल्या संस्थेची, नावाची व नमुन्यांची नोंदणी ती आपल्याच नावे करून देईल काय?

२. देवनागरी मजकुराचे भाग व त्यांचे मोल ती आधी दाखविते काय?

३. बंद फोनसाठी संदेश किती तास राखला जातो?

४. 'पोहोचला' अशी क्रमांकवार पावती मिळते काय? न पोहोचलेल्या संदेशाचे पैसे पडतात काय?

५. अडचण आल्यास मराठीत बोलणारा माणूस फोनवर मिळतो काय?

६. पालकांच्या यादीविषयी लेखी हमी आहे काय?

उत्तरे समाधानकारक वाटली तरी एकदम वर्षाचे पैसे भरू नयेत. प्रथम वीस-पंचवीस पालकांस चाचणी-संदेश पाठवावा. त्यात गावातील, तालुक्याच्या ठिकाणचे व फडावरील असे तिन्ही प्रकारचे पालक असावेत, तसेच निरनिराळ्या कंपन्यांचे क्रमांक असावेत. दुसऱ्या दिवशी त्यांतील काहींस विचारून पावतीचा पडताळा घ्यावा.

एक काम मात्र कोणतीही संदेशसंस्था करू शकत नाही. ऊसतोड कुटुंबांचे क्रमांक वरचेवर बदलतात. जुने सिमकार्ड बंद पडते व तोच क्रमांक पुढे परक्या माणसास मिळतो. म्हणून कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आतच, प्रत्येक पालकाचा चालू क्रमांक, गावात मागे राहणाऱ्या नातलगाचा क्रमांक आणि पालकाची संमती ह्यांची नोंद वर्गशिक्षकाने वहीत करावी आणि त्याच वेळी त्या क्रमांकावर एकदा घंटी देऊन पाहावी. कुटुंबे परतल्यावर उन्हाळ्यात ती नोंद पुन्हा तपासावी. ही वही अद्ययावत असेल, तर वसतिगृहाचा निरोप फडावर वेळेत पोहोचेल आणि आईबापांस मुलाला शाळेत ठेवण्याचा निर्णय घेता येईल.