पासवर्ड न पाहता ओळख पटविणारा मध्यस्थ

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी एक धमकीचा ई-मेल पाठविला गेला. माग काढला असता तो नवी मुंबईतील एका घराच्या वाय-फायवरून गेल्याचे निष्पन्न झाले. पुढच्याच महिन्यात मुंबईतील एका महाविद्यालयाचे जाळे अशाच कामी वापरले गेले. जाळ्यात कोण शिरले याची नोंद नसेल, तर संशय मालकावर येतो.

एकच पासवर्ड सर्वांना वाटून हा प्रश्न सुटत नाही. प्रत्येकाची ओळख स्वतंत्रपणे पटवावी लागते. त्यासाठी 'रेडियस' ही पद्धत रूढ आहे. पण सोलापूरच्या महाविद्यालयात कोल्हापूरचे प्राध्यापक पाहुणे आले, तर त्यांना ओळखणार कोण? येथे प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे मध्यस्थ, उपयोगी पडतो. प्राध्यापकांच्या ओळखनावातील '@' या चिन्हापुढचा भाग पाहून तो विनंती त्यांच्या मूळ संस्थेकडे धाडतो. होकार वा नकार त्याच वाटेने परत येतो. 'एड्युरोम' ही २००३ मध्ये युरोपात सुरू झालेली आंतरराष्ट्रीय सेवा याच तत्त्वावर चालते. भारतात ती 'अर्नेट' ही संस्था पाहते.

या व्यवस्थेत पासवर्ड बंद लिफाफ्यातून जातो. तो फक्त मूळ संस्थाच उघडते. मात्र समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र न तपासता वापरकर्त्याने 'मान्य' म्हटले, तर बनावट वाय-फाय तो लिफाफा पळवू शकते.

उभारणी महागडी नाही. 'फ्रीरेडियस' ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि साधा संगणकही पुरतो. खरी कसोटी चालविण्यात असते. प्रत्येक शेजारी सर्व्हरशी वेगळी व लांबलचक गुप्त खूण ठरवावी. एक बंद पडल्यास दुसरा सर्व्हर सज्ज हवा. घड्याळे अचूक हवीत. अन्यथा नोंदी निरुपयोगी ठरतात. या पद्धतीतील जुन्या गणिती रचनेची त्रुटी जुलै २०२४ मध्ये उघड झाली. तीत नकाराचे रूपांतर होकारात करणे शक्य होते. 'एड्युरोम'सारख्या बंद लिफाफ्याच्या पद्धतीला तिची झळ बसली नाही. परंतु इतरत्र सुधारित आवृत्ती बसविणे अगत्याचे आहे.

शेवटी, कोण केव्हा आले याची नोंद हीसुद्धा खासगी माहितीच. ती किती दिवस ठेवायची आणि कोणी पाहायची, हे संस्थेने आधीच लेखी ठरवावे. दाराशी पहारेकरी हवा, पण त्याच्या वहीलाही कुलूप हवे.