पंपाच्या तोंडाशी लहान जीव

मत्स्यटाकीतला फिल्टर पाणी ओढतो तेव्हा पाण्यासोबत आलेला जीवही ओढतो. मोठा मासा पोहत बाजूला होतो. गप्पीच्या नवजात पिल्लाची लांबी मात्र ६-७ मिलिमीटर असते आणि चेरी कोळंबीच्या पिल्लाची जेमतेम २ मिलिमीटर. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य विभाग हौदांत सोडतो तोच हा गप्पी. जळगाव-धुळ्याच्या कित्येक घरांत मासे पाळण्याची सुरुवात त्याच्यापासूनच होते, आणि साधारण चार आठवड्यांत मादी पिल्ले देते. त्यांतली बरीचशी दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत. काही मोठ्या माशांच्या पोटात जातात, काही फिल्टरमध्ये.

बारीक जाळी लावली की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे, कारण छिद्राच्या आकाराइतकाच ओढीचा वेगही महत्त्वाचा असतो. तासाला ६०० लिटर पाणी खेचणाऱ्या पंपाच्या तोंडावरच्या फटी मिळून ४ चौरस सेंटिमीटर भरत असतील, तर तिथे पाणी सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर वेगाने आत शिरते. एवढ्या ओढीत पिल्लू जाळीतून आत गेले नाही तरी जाळीलाच चिकटून मरते. त्याच तोंडावर ५ सेंटिमीटर व्यासाचा, १० सेंटिमीटर लांबीचा स्पंज चढवला, की तेवढेच पाणी सुमारे १५७ चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून आत येते आणि वेग जवळपास १ सेंटिमीटरवर उतरतो. कोळंबीची पिल्ले अशा स्पंजवर बसून त्यावरचा थर खुशाल चरतात. अमेरिकेत २०१४ साली वीज केंद्रांच्या पाणी घेण्याच्या तोंडांसाठी नियम झाले. माशांच्या बचावासाठी त्यांत मान्य झालेल्या निकषांपैकी एक वेगाचाच आहे: सेकंदाला अर्धा फूट, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर.

जाळीच हवी असेल तर स्टेनलेस स्टीलची घ्यावी. तांब्या-पितळेची जाळी कोळंबीला विषारी ठरते आणि जस्ताचा मुलामा दिलेलीही टाळावी. फटीची रुंदी गप्पीच्या पिल्लांसाठी १ मिलिमीटर पुरते, कोळंबीच्या पिल्लांना अर्धा मिलिमीटर लागते.

खान्देशात खरी अडचण पुढे येते. बोअरचे पाणी जड असेल तर जाळीवर क्षाराचा पांढरा थर बसतो, स्पंज गाळाने भरतो आणि प्रवाह मंदावतो. हिवाळ्यात हे खपून जाते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४ अंशांपुढे जाणे नवे नाही, आणि २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळत असेल तर ३५ अंशांना तो ७ वर येतो. अशा वेळी तुंबलेला स्पंज पिल्लांना पंपापासून वाचवून गुदमरायला लावतो. म्हणून उन्हाळ्यात तो दर आठवड्याला, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले उपयुक्त जिवाणू मरतात. स्टीलच्या जाळीवरचा क्षार व्हिनेगरमध्ये भिजवल्यास सुटतो; नंतर ती नीट धुवावी.

मोठ्या टाकीत वरचे पाणी दात्यांच्या कडेवरून सांडून खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये उतरते. नवजात पिल्ले पृष्ठभागाजवळ राहतात, त्यामुळे ती या दात्यांतून सहज वाहून जातात. कड जितकी लांब, तितका तिच्यावरून जाणारा थर पातळ आणि ओढ कमी. दात्यांवर जाळी लावल्यास एक दक्षता अटळ आहे: जाळी तुंबली की पाणी फरशीवर येईल, म्हणून नेहमीच्या पातळीच्या किंचित वर, जाळी नसलेला दुसरा निचरा नळ ठेवावा लागतो.

वीज गेली की प्रवाह उलटा फिरतो, ही बाब फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. संपमधून वर पाणी आणणारा नळ सायफन होऊन टाकीतले पाणी खाली खेचू लागतो. स्वच्छ पाणी सोडणारे तोंडच पिल्लांना ओढून नेते. त्या नळाला पाण्याच्या पातळीच्या जरासे खाली एक लहान छिद्र पाडले, की पातळी थोडी उतरताच त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. शेवाळाने ते बुजते, म्हणून मधूनमधून साफ करावे, आणि तोवर उतरणारे पाणी मावेल एवढी जागा संपमध्ये रिकामी ठेवावी.

फक्त पिल्लांसाठीच्या टाकीत हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सर्वांत निर्धोक, कारण त्यात फिरते पाते नसते. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवलेला असेल, तर वीज जाताच नळीतून पाणी उलटे त्यात उतरू शकते. नळीत एकेरी व्हॉल्व्ह बसवल्यास ते थांबते.